बुगातचं गवत

देजिदमाला खोऱ्यातले सगळे हसायचे. तोंडावर हसायचे, माघारी हसायचे, आणि तिला त्याचं काडीचंही वाटायचं नाही. वसंतातलं शेवटचं कोकरू लटपटत उभं राहिलं की बाई पुढच्या हिवाळ्याच्या मागे लागायची. ऐन उन्हाळ्यात, लोक घोडीचं आंबवलेलं दूध पिऊन गाणी म्हणत लोळत असताना, ही उन्हात बसून याकच्या काळ्या केसांत घोड्याच्या शेपटीचे पांढरे केस घालून दोरी वळत असायची. "हिला उन्हाळ्यातसुद्धा थंडी वाजते," म्हातारा लुव्सान म्हणायचा. लुव्सान हा तिच्या आईचा मामा, खोऱ्यातला सगळ्यात वडीलधारा आणि सगळ्यात आळशी माणूस. "अगं, हिवाळा काय पळून चाललाय? येईल की त्याच्या वेळेला!"

"तो येईलच, आजोबा. आणि तुम्ही माझ्या दारात गवत मागायला याल."

यायचाच. दर वर्षी पहिला बर्फ गुडघ्याला लागला की म्हातारा घोड्यावरून डुलत डुलत हजर. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यांतला तो. देजिदमा आधी त्याला मीठ घातलेला दुधाचा गरम चहा द्यायची, मग गवत द्यायची, आणि मग खरपूस बोलणी द्यायची, याच क्रमानं. चहा आधी. त्या मुलखात हिवाळ्यात दारात आलेल्या चोरालासुद्धा आधी चहा देतात, आणि मग विचारतात, काय चोरायला आलास बाबा. बाहेर अशी थंडी, की थुंकी जमिनीवर पडेस्तोवर तिचा खडा होतो. अशा वेळी चहा न देणं म्हणजे माणूस मारणंच.

तिचा हा तयारीचा ध्यास काही उगाचचा नव्हता. ती लग्नाच्या वयाची असताना एका हिवाळ्यात झूद आला. झूद म्हणजे नुसता बर्फ नव्हे. बर्फ पडतो, मध्येच एक दिवस ऊन पडून तो वितळल्यासारखा होतो, पुन्हा गोठतो, आणि गवतावर लोखंडासारखा पापुद्रा चढतो. जनावर खुरांनी उकरतं, उकरतं, आणि उभ्या जागी मरतं. त्यातच हिमवादळ सुटलं. आई वाड्यातल्या मेंढ्या बघायला म्हणून बाहेर पडली ती परतलीच नाही. वारा पडल्यावर सापडली, ती तंबूच्या दाराशीच. हात लांब केला असता तर तंबूचा नमदा, ती लोकरीची जाड भिंत, हाताला लागली असती. पण त्या पांढऱ्यात स्वतःचा हात तरी कुठं दिसतो!

तेव्हापासून पहिला बर्फ पडायच्या आत देजिदमाच्या दारापासून मेंढवाड्यापर्यंत दोर ताणलेला असायचा, आणि दुसरा दोर धाकट्या दाम्दिनच्या कमरेला. पोर लघवीला जायचं तेही दोरासकट. "मी काय वासरू आहे का?" म्हणून रडायचं. "वासरू असतास तर एवढी काळजी केली नसती," ती म्हणायची. "वासरं आपल्याकडे पुष्कळ आहेत."

दाम्दिन तिचा भाऊ, पण वाढवला पोटच्या पोरासारखा. तिला मागणी आली होती, चांगल्या घरची. नेमका तेव्हा दाम्दिनला गोवर निघाला. पाहुण्यांना तिनं चहा पाजला आणि दारातूनच वाटेला लावलं. पुन्हा कुणी आलं नाही. दाम्दिन मोठा झाला, तिनंच त्याला चिमगेसारखी बायको बघून दिली, कळपातल्या निम्म्या मेंढ्या दिल्या, शेजारच्या घळीत पाठीवरून दगड वाहून त्याच्या हिवाळ्याचा वाडा बांधून दिला. स्वतःकडे ठेवलं ते बुगात.

बुगात म्हणजे डोंगराच्या दक्षिण अंगाची एक घळ. वारा डोक्यावरून निघून जायचा, आत उतरायचा नाही. दगडी वाड्यात पिढ्यान्‌पिढ्यांच्या लेंड्यांचा थर दाबून दाबून बसलेला. त्याच्यावर मेंढ्या बसल्या की खालून ऊब यायची, घरातल्या गादीसारखी. आणि घळीभर गवत. त्या गवतात बर्फ वितळल्यापासून पुन्हा बर्फ पडेपर्यंत कुणाचं खूर शिरायचं नाही. तिथं कुंपण नव्हतं, कुलूप नव्हतं. नुसती रीत होती, आणि ती कुलुपाहून घट्ट होती. दुसऱ्याच्या हिवाळ्याच्या गवतात जनावर घालणं म्हणजे त्याच्या ताटात थुंकणं. ज्याचं गवत गेलं त्याच्या मेंढ्या जातात, आणि ज्याच्या मेंढ्या जातात तो शहराच्या कडेला जाऊन कोळशाच्या धुरात खोकत बसतो. देजिदमानं असे बसलेले पाहिले होते. तिला मरणाची भीती नव्हती, त्या बसण्याची होती.

ते माकडाचं वर्ष होतं. तिथं बारा जनावरांच्या नावांनी वर्षं मोजतात, आणि झूद बहुधा माकडाच्या वर्षीच येतो म्हणून माणसं त्याला आधीच वचकून असतात. त्यात श्रावण सरेस्तोवर डोंगरातले बिनशेपटीचे उंदीर बिळांपुढे गवताचे ढीग रचायला लागले, एवढाले. "उंदरांना कळतं," देजिदमा म्हणाली, आणि तिनं दुप्पट गवत कापलं, पेंढ्या बांधल्या, बुगातच्या दगडी कोठारात छतापर्यंत रचल्या. पेंढी बांधायची ती आपल्या त्या काळ्यापांढऱ्या दोरीनं, आणि गाठ मारायची आईची, दोन फास एकात एक घातलेली. खोऱ्यात ती गाठ दुसरं कुणी मारत नसे. शेवटची पेंढी ठेवली आणि तिच्या उजव्या कुशीत अशी कळ आली की ती तिथंच बसली.

दाम्दिन मोटारसायकल घेऊन आला. तिला मागे बसवून स्वतःच्या कमरेशी दोरानं बांधून घेतलं. "आता तू वासरू," तो म्हणाला. तिला हसायचं होतं, पण कळ हसू देईना.

"मेंढ्या बघ," ती म्हणाली. "आणि बुगातच्या आत एक खूर जाता कामा नये."

"मला सांगतेस, ताई? मला? लहानपणापासून हेच तर ऐकतोय. तू नुसती बरी होऊन ये."

चिमगेनं रिवाजाप्रमाणे त्यांच्यामागे पळीनं दूध शिंपडलं. वळणावरून देजिदमानं मागे पाहिलं तर ती अजून शिंपडत होती.

शहरातल्या दवाखान्यात तपासणी झाली. डॉक्टर दाराबाहेर दाम्दिनशी बराच वेळ बोलला. दाम्दिन आत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते.

"काय म्हणाला रे?"

"काही नाही. बारकीशी गाठ आहे म्हणाला. बरी होशील." तो तिचे हात हातात घेऊन बसला. असा तो कधी बसत नसे. मग मेंढ्या एकट्या आहेत म्हणून निघून गेला.

गाठ काही बारकी नव्हती. यकृतात नारळाएवढी पाण्याची गाठ होती. मेंढ्याकुत्र्यांत राहणाऱ्यांना होते तशी. पोट फाडून ती काढली, आणि बाई चिवट, उठून बसली. बसल्याबरोबर तिनं कुणाचा तरी फोन मागून घेतला. खोऱ्यात आवाज फक्त टेकडीच्या माथ्यावर पोहोचतो, म्हणून निरोपावर निरोप गेले, आणि एके दुपारी दाम्दिनचा आवाज आला.

"मी आहे रे. जिवंत आहे! गाठ गेली."

तिकडे नुसता वारा ऐकू आला. "दाम्दिन?"

"हो, ताई. ऐकतोय. फार... फार बरं झालं."

"मेंढ्या धष्टपुष्ट?"

"धष्टपुष्ट."

"सगळं सुखात?"

"सुखात, ताई, सुखात."

आता हे 'सुखात' म्हणजे काय ते सांगायला हवं. तिथं कुणी भेटलं की विचारायचं, दिवस सुखात चाललेत ना? आणि उत्तर एकच, सुखात. तंबू पेटलेला असला तरी आधी सुखात म्हणायचं, तपकिरीची देवाणघेवाण करायची, आणि मग म्हणायचं, जरा बादलीभर पाणी मिळेल का? देजिदमा त्याच रीतीत वाढलेली. तिनं ते 'सुखात' उशाशी घेतलं आणि त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली.

ती ट्रकमधून परतली तेव्हा नदीच्या कडा गोठायला लागल्या होत्या. लुव्सान समोर आला. त्यानं तपकिरीची कुपी पुढं केली आणि त्याचा हात मधेच थांबला. "तू... तूच का गं? खरंच परत आलीस?"

"नाही, माझं भूत. खाली सावली आहे का बघा!"

चिमगेला रडू फुटलं. दाम्दिन मोटारसायकलचं चाक तपासत बसला, आणि चाकाला तर काही झालं नव्हतं. देजिदमानं मेंढ्यांच्या पाठींवरून हात फिरवला. चरबीनं पाठी नुसत्या भरलेल्या. "वा रे माझा वाघ," ती म्हणाली. "माझ्याहून बरं सांभाळलंस की!"

बुगातला जायचं म्हटलं की मात्र दाम्दिन टाळाटाळ करायला लागला. हवा चांगली आहे, थांबू. तुझ्या पोटाचे टाके ओले आहेत, थांबू. शेवटी म्हणाला, "यंदा जाऊच नकोस. हिवाळाभर शहरात राहा, डॉक्टरजवळ. मेंढ्या मी बघतो ना."

"गाठ पोटात होती, डोक्यात नव्हती," देजिदमा म्हणाली. "उंदरांचे ढीग बघ जरा. उद्या तंबू उतरवायचा."

बुगातला गवत नव्हतं.

ती घोड्यावरून उतरली, चार पावलं चालली, आणि खाली बसली. घळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं मुळापर्यंत खुडलेलं. कोठारात झाडू मारल्यावर उरतो तेवढा काडीकचरा. वाड्यातला लेंड्यांचा थरसुद्धा एका अंगानं फावड्यानं कापून कुणी जळणाला नेलेला. तिला वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच घळीत आलो.

"कुणी रे? कुणी केलं हे?"

दाम्दिन लगाम बोटाला गुंडाळत, सोडत उभा होता. "वरच्या जिल्ह्यातली माणसं उतरली होती म्हणे, कळप घेऊन. मी पलीकडे होतो, ताई. मला कळलंच नाही."

तिचा विश्वास बसला. का नाही बसणार? तिनं त्या वरच्या जिल्ह्यातल्या लोकांना, ज्यांचं तिनं तोंडही पाहिलं नव्हतं, असे शाप दिले की दाम्दिननं खाली बघितलं. त्यांच्या कढईला तळ राहू नये! त्यांच्या घोड्यांना दात राहू नयेत! मग डोळे पुसून म्हणाली, "तुझ्या घळीत येऊ का? एकत्र काढू हिवाळा."

"माझं गवत दोन कळपांना कसं पुरेल, ताई? तुझ्याही जातील आणि माझ्याही जातील."

हेही खरंच होतं. एका घळीचं गवत एकाच कळपाला पुरतं. तिनं मान हलवली. घाट तोवर बर्फानं बंद झाला होता, दुसरीकडे जायला वाट उरली नव्हती. आठवडा गेला आणि दाम्दिननं स्वतः पोतंभर सुटं गवत आणून टाकलं. माझ्यातलं आहे, म्हणाला. लुव्सान त्या दिवशी तिथंच होता.

"भाऊ असावा तर असा," देजिदमा त्याला म्हणाली. "स्वतःच्या मेंढ्यांच्या तोंडचं काढून देतोय."

एरवी म्हाताऱ्याच्या तोंडाला कधी कुलूप नसायचं. त्या दिवशी त्यानं चहात तोंड घातलं ते वर काढलंच नाही.

मग हिवाळा उतरला, आणि उंदीर खोटे नव्हते. बर्फ पडला, ऊन पडलं, गोठला. देजिदमानं जे जे करता येतं ते सगळं केलं. थकलेली जनावरं आधीच कापून मांस गोठवून टाकलं, उपाशी मरून वाया जाण्यापेक्षा. जुना नमदा फाडून गायींना आणि गाभण मेंढ्यांना झुली शिवल्या. वाड्याच्या उघड्या अंगाला बर्फाच्या विटा रचून भिंत उभी केली. दोर ताणला, गाठी दोनदा तपासल्या. सूर्य डोंगराला टेकायच्या आत परत यायचं, ओले मोजे अंगावर ठेवायचे नाहीत, चुलीच्या धुराची वाट मोकळी ठेवायची. टाके ओढायचे, ती ओठ चावायची. उंदरांच्या ढिगांतलं गवतसुद्धा तिनं आणलं. प्रत्येक ढिगापुढे हात जोडले आणि अर्धंच घेतलं, कारण त्यांनाही हिवाळा होताच. पण उपाशी पोटाला झूल काय करणार? रोज सकाळी वाड्यात एखादी तरी मेंढी उठायची नाही.

एके दिवशी दाम्दिनऐवजी चिमगे आली, बैलाच्या घसरगाडीवरून. आठ-दहा पेंढ्या उतरवल्या. देजिदमानं पहिली पेंढी ओढली, सोडायला हात घातला, आणि हात तिथंच राहिला.

दोन फास, एकात एक. काळी दोरी, तिच्यात पांढरे केस.

"चिमगे, ह्या पेंढ्या कुणी बांधल्या?"

चिमगे बैलाच्या जोखडाशी काहीतरी करत होती. "घरात होत्या, वन्सं."

"कुणाच्या घरात?"

चिमगे चहालाही थांबली नाही. आता, तिनं त्या बांधलेल्या पेंढ्या न कळत आणल्या की मुद्दाम आणल्या, हे तिचं तिलाच ठाऊक. दाम्दिन तरी सोडूनच आणायचा, सुटं गवत. चोराच्या मनात चांदणं.

देजिदमा तशीच घोड्यावर बसली आणि लुव्सानच्या तंबूत गेली. सुखात विचारलं नाही, तपकीर घेतली नाही. पेंढीची दोरी त्याच्या मांडीवर टाकली. "बोला, आजोबा."

म्हाताऱ्यानं दोरी उचलून बघितली. "डॉक्टरनं त्याला सांगितलं होतं," तो म्हणाला. "आशा धरू नका, तयारीत राहा म्हणाला. दाम्दिन इथं येऊन ढसाढसा रडला. म्हणाला, ताई आता येत नाही."

"आणि?"

"आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही कळप बुगातमध्ये घातले. म्हणाला, ती नाही तर ते गवत कुणासाठी ठेवायचं? वाऱ्याला द्यायचं का? इथं चारू, म्हणजे माझ्या घळीतलं हिवाळ्याला शिल्लक राहील. कोठारही नेलं."

म्हणजे पाठींवर हात फिरवून जिच्यासाठी ती दाम्दिनला शाबासकी देत होती, ती चरबी तिच्याच हिवाळ्याची होती. कुंपणानंच शेत खाल्लं होतं. दाम्दिननंही तयारीच केली म्हणायची, दुसरं काय! लहानपणापासून बहिणीकडून तेवढंच तर शिकला होता.

"मी फोन केला तेव्हा?" तिनं विचारलं. "जिवंत आहे म्हणून सांगितलं तेव्हा?"

लुव्साननं दोरी बाजूला ठेवली.

"तेव्हा किती उरलं होतं, आजोबा?"

"निम्मं असेल."

"तरी मेंढ्या नाही हाकलल्या?"

"नाही."

"आणि हे तुम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्या खोऱ्याला."

"आम्हाला वाटलं, तू आजारातून उठलेली, तुला कशाला..." तो पुटपुटला.

ती परत आली. रडली नाही. तिला वाटत होतं आत्ता उठावं, दाम्दिनच्या तंबूत शिरावं आणि त्याच्या मुस्काटात द्यावी. पण भांडायलासुद्धा अंगात ऊब लागते, आणि तिची सगळी ऊब वाड्यात खर्च होत होती. त्यात हिमवादळ आलं. दारातून वाड्यापर्यंत ती दोर धरून जायची, यायची. वाऱ्यात दोर हातातल्या हातात थरथरायचा, आणि तिला सारखी एकच गोष्ट आठवायची, दुसऱ्या टोकाला बांधलेलं ते रडकं पोर. आईनंतर जगात तिचं म्हणून एवढंच होतं. पोट फाडलं तेव्हा दुखलं नव्हतं एवढं हे दुखत होतं. त्यानं मला पुरलं, तिच्या मनात यायचं. मी श्वास घेत होते, आणि त्यानं मला पुरून वर मेंढ्या चारल्या. वादळ थांबलं तेव्हा वाड्यात मेलेल्या मेंढ्या जिवंत मेंढ्यांपेक्षा जास्त होत्या.

तेवढ्यात पांढरा महिना लागला. म्हणजे त्यांचं नवं वर्ष. भर झूदमध्येही लोक नवे अंगरखे घालतात आणि थोरल्यांच्या घरी जातात. धाकट्यानं थोरल्याच्या दोन्ही कोपरांखाली हात धरून आधार द्यायचा आणि विचारायचं, हिवाळा सुखात चाललाय ना? त्या दिवशी तर वाईट शब्द तोंडातून काढायचाच नाही, नाहीतर वर्षभर तोच पाठीस लागतो. लुव्सानच्या तंबूत खोऱ्यातली सगळी जमली होती. ताटात वाफाळलेल्या बूझ, म्हणजे मटण भरून उकडलेले मोदकच, पांढऱ्या मिठायांची चळत. प्रत्येकाच्या वाड्यामागे मेलेली जनावरं रचलेली, आणि आत नुसतं सुखात, सुखात, सुखात.

देजिदमा आली. दाम्दिन उठला. हातांवर मानाचं निळं रेशमी वस्त्र आडवं घेतलेलं. तिच्या कोपरांखाली त्यानं हात घातले, मान लववली.

"हिवाळा सुखात चाललाय ना, ताई?"

"नाही," देजिदमा म्हणाली.

कुणाच्या तरी हातातला चमचा ताटावर पडला. लुव्सानच्या सुनेनं घाईघाईनं म्हटलं, "अहो, आज नको, आज सणाचं..."

"सुखात नाही. माझ्या मेंढ्या मेल्या. माझं गवत माझ्या भावानं खाल्लं, आणि तुम्ही सगळे त्याचे साक्षीदार. कुणाला माझ्या घरी येऊन एवढं सांगवलं नाही, की बाई, तू मेलीस असं आमचं ठरलंय, तेव्हा यंदा दुसरी सोय बघ!"

दाम्दिनचे हात अजून तिच्या कोपरांखालीच होते. त्याचं तोंड कागदासारखं पांढरं झालं. "ताई, डॉक्टर म्हणाला होता... तू मरणार होतीस गं! मी काय करायला हवं होतं? मी रडलो होतो, विचार यांना. किती रडलो!"

"रडलास कधी?" देजिदमानं विचारलं. "कळप आत घालण्याच्या आधी की नंतर?"

दाम्दिननं लुव्सानकडे पाहिलं.

"आणि मी फोन केला, तेव्हा निम्मं उरलं होतं. टेकडीवरून खाली आलास, तेव्हा तरी मेंढ्या बाहेर हाकलायच्या होत्यास. माझ्या मरणाचं दुःख होतं ना तुला? मग मी जगले त्याचा आनंद कुठं गेला?"

तिनं आपले हात त्याच्या हातांवरून उचलून घेतले. निळं वस्त्र खाली पडलं. ती बाहेर पडली, आणि मागून कुणीही तिला थांब म्हणालं नाही. केसानं गळा कापणारा एक असतो, पण कापताना बघत उभे राहणारे पुष्कळ असतात.

सण सरला आणि दाम्दिन आला. भर दुपारी, उघड उघड. घसरगाडीवर पेंढ्यांचा डोंगर; कोठारातल्या जेवढ्या उरल्या होत्या तेवढ्या सगळ्या. वाटेत वाऱ्यानं त्याच्या भुवयांवर बर्फ साचला होता. तो पेंढ्या उतरवायला लागला. देजिदमा आली आणि तीही उतरवायला लागली. गवत परत पाठवण्याएवढी ती मानी नव्हती. वाड्यात मूठभर मेंढ्या उरल्या होत्या, गाभण होत्या, आणि त्या काही कुणाच्या भाऊबंदकीत नव्हत्या. ह्या गवतावर त्या वसंतापर्यंत टिकणार होत्या. देजिदमाला शहराच्या धुरात बसावं लागणार नव्हतं. बस्स, तेवढंच त्या गवतानं होणार होतं.

काम संपलं. ती तंबूत शिरली आणि दाराची चौकट धरून आतल्या बाजूला उभी राहिली. आत चुलीवर चहा उकळत होता; वास बाहेरपर्यंत येत होता. दाम्दिन बाहेर हात चोळत उभा. बराच वेळ उभा. त्याला वाटलं, विसरली असेल.

"ताई," तो म्हणाला. "चहा..."

ती हलली नाही.

"अगं, हिवाळ्यात चोरालासुद्धा देतात!"

"चोराला देतात रे," देजिदमा म्हणाली. "चोर परका असतो."

लहानपणी दोर सोडवून मागताना रडायचा तसाच त्याचा चेहरा झाला होता. तिला तो बघवेना, तरी ती बघत राहिली.

मग तिनं त्याच्या डोक्यावरून डोंगराकडे पाहिलं. माथ्यावरचा बर्फ धुरासारखा उडायला लागला होता.

"वारा फिरतोय," ती म्हणाली. "खिंडीतून जाऊ नकोस, नदीच्या कडेनं जा. उजेड आहे तोवर पोहोचशील."

त्यानं बैल वळवला. तो नदीच्या वळणाआड जाईपर्यंत देजिदमा दारात उभी होती, कारण वाऱ्यात निघालेल्या माणसाला दिसेनासं होईपर्यंत बघायचंच असतं. मग तिनं दार लावून घेतलं.